सहीआधी सगळं सांगा : महाराष्ट्र वैद्यक परिषदेला खुलं पत्र

सन्माननीय अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई



फेब्रुवारी 2021 मध्ये चीनमधल्या गाओ ल्यू या अभिनेत्री-गायिकेनं स्वतःच्या नाकाचे फोटो समाजमाध्यमावर लाखो चाहत्यांपुढे ठेवले. नाकाचा शेंडा काळा पडला होता, तिथली त्वचा मेली होती. आदल्या ऑक्टोबरात ग्वांगझो शहरातल्या एका रुग्णालयात तिनं नाक थोडं रेखीव करून घेतलं होतं. चार तासांचं काम, मग सगळं छान, अशी तिची कल्पना होती. पुढे जंतुसंसर्ग झाला, बरा होता होता पुन्हा उलटला. हातातली कामं गेली. दुरुस्तीची शस्त्रक्रिया करायची तरी वर्षभर थांबावं लागेल, असं तिला सांगण्यात आलं. चौकशी झाली तेव्हा कळलं की अशा शस्त्रक्रियेची परवानगीच त्या रुग्णालयाकडे नव्हती. रुग्णालयाला 49 हजार युआनचा दंड झाला आणि डॉक्टरला सहा महिने काम करायला बंदी झाली.

ग्वांगझोत त्वचा जशी मरते तशी ती नाशकातही मरू शकते, म्हणून हे पत्र. नाशिक, कोल्हापूर, ठाणे, पुणे, नागपूर अशा कुठल्याही मोठ्या शहरात आज नाकाची सौंदर्यशस्त्रक्रिया करून मिळते. बहुतेक ठिकाणी ती शिकलेल्या, अनुभवी सर्जनच्या हातून होते आणि बहुतेक माणसं निकालावर समाधानी असतात, हे सुरुवातीलाच नोंदवायला हवं. प्रश्न उरलेल्यांचा आहे. त्यांना काय होऊ शकतं हे वैद्यकशास्त्राला नीट ठाऊक आहे. पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं आहे, परीक्षेत विचारलं जातं. ज्याच्या नाकावर सुरी चालणार, त्याच्यापर्यंत मात्र ते वेळेवर पोहोचत नाही. पोहोचतं ते शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी, सहीसाठी पुढे केलेल्या छापील इंग्रजी कागदावर. ही तफावत दूर करणं परिषदेच्या हातात आहे.

नाकाच्या शस्त्रक्रियेशी महाराष्ट्राचं नातं जुनं आहे. इंग्रज फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठी शेतकरी 1792 च्या युद्धात टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला आणि त्याचं नाक व एक हात कापला गेला. जवळपास वर्षभर तो नाकाशिवाय वावरला. मग पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याच्या कपाळावरची त्वचा खाली वळवून त्याला नवं नाक बसवून दिलं. ब्रिटिश डॉक्टरांनी ते काम डोळ्यांनी पाहिलं. त्याची हकीकत ऑक्टोबर 1794 मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह छापून आली. ती वाचून जोसेफ कार्प्यू या सर्जननं वर्षानुवर्षं तयारी केली आणि 1814 मध्ये लंडनमध्ये त्याच पद्धतीनं शस्त्रक्रिया केली. पुण्याजवळच्या त्या कारागिराचं नाव कोणी टिपून ठेवलं नाही. कपाळाच्या त्वचेची त्याची पद्धत मात्र कर्करोगात किंवा अपघातात नाक गेलेल्यांसाठी जगभर आजही वापरली जाते. विसाव्या शतकात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशिर अंतिया यांनी कुष्ठरोगानं बसलेली नाकं पुन्हा उभी केली. ज्यांना घरचे लोक घरात घेत नव्हते, अशा माणसांना त्यामुळे चारचौघांत जाता आलं.

सौंदर्यासाठी नाक बदलण्याची कथा वेगळी, आणि बरीच अलीकडची. 1887 मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरचे जॉन ऑर्लँडो रो यांनी चेहऱ्यावर वण न ठेवता, नाकाच्या आतून शस्त्रक्रिया करून दाखवली. 1898 मध्ये बर्लिनमध्ये जॅक जोसेफ यांनी एका माणसाचं मोठं नाक लहान केलं. नाकामुळे त्याला लोकांत मिसळण्याची लाज वाटत असे. जोसेफ यांचं म्हणणं होतं की मनाचं हे दुःख खरं आहे आणि ते दूर करणं डॉक्टरचंच काम आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या समाजात 'नाकीडोळी नीटस' असणं ही लग्नाची अट म्हणून उघड सांगितली जाते, शाळेत 'नकटी' म्हणून चिडवलं जातं, नथ घालताना नाकाच्या ठेवणीवर चर्चा होते, त्या समाजानं नाक बदलू पाहणाऱ्या मुलीला उथळ म्हणणं अन्यायाचं आहे. तिच्या इच्छेला या पत्राचा विरोध नाही.

विरोध आहे तो अर्धवट माहितीला. ही शस्त्रक्रिया किरकोळ असल्याचं चित्र उभं केलं जातं आणि ते खरं नाही. अनेक प्लॅस्टिक सर्जन हिला आपल्या शास्त्रातल्या सर्वांत अवघड शस्त्रक्रियांमध्ये गणतात, आणि त्याला कारण आहे. नाकाचा वरचा तिसरा हिस्सा हाडाचा असतो. खालचा सगळा भाग कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीवरच्या भागासारख्या लवचीक ऊतीचा. मधला पडदा तंबूच्या खांबासारखा सारा डोलारा पेलून धरतो. वाकडा पडदा सरळ करताना किंवा दुसरीकडे जोडण्यासाठी त्यातली कूर्चा काढताना, पडद्याच्या पुढच्या आणि वरच्या कडेला किमान एक सेंटिमीटर रुंदीची पट्टी राखावी लागते. ती कमी पडली, तर नाक त्या दिवशी ठीक दिसतं आणि पुढच्या महिन्यांत मधोमध खचत जातं. घोड्यावरच्या जिनासारखा खोलगट आकार येतो, म्हणून इंग्रजी पुस्तकांत त्याला जिनाचंच नाव आहे.

श्वासाचं गणित याहून नाजूक. नाकाच्या आत, पडदा आणि बाजूची कूर्चा जिथे भेटतात, तिथे साधारण 10 ते 15 अंशांचा अरुंद कोन असतो. नाकाच्या श्वासमार्गातली ही सर्वांत चिंचोळी जागा, आणि आत जाणाऱ्या हवेला होणारा मोठा अडथळा इथेच असतो. नाकाचा उंचवटा तासला, हाडं जवळ आणली, नाक बारीक केलं, की हा कोन आवळला जाऊ शकतो. वाट जराशी अरुंद झाली तरी हवेला होणारा अडथळा कितीतरी पटींनी वाढतो. अशा माणसाचं नाक फोटोत सुंदर दिसतं आणि रात्री त्याला तोंड उघडं ठेवून झोपावं लागतं. दीर्घ श्वास घेतला की नाकपुड्या आत ओढल्या जातात. शस्त्रक्रियेआधी ज्याला श्वासाचा काही त्रास नव्हता, त्याला तो कायमचा लागू शकतो. ही गुंतागुंत अपवादात्मक नाही. दुसऱ्यांदा शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांमध्ये श्वास अडणं ही नेहमीची तक्रार असते.

काही धोके लवकर ओळखले तर टळतात. शस्त्रक्रियेनंतर पडद्याच्या आवरणाखाली रक्त साकळलं, तर ते तातडीनं काढावं लागतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण त्या आवरणातून होतं. रक्ताच्या गाठीनं आवरण सुटलं की थोड्याच दिवसांत कूर्चा मरते, पू होतो आणि नाक बसतं. दोन्ही नाकपुड्या अचानक बंद झाल्या, ठणका वाढत चालला, ताप आला, तर रात्री दोन वाजताही डॉक्टरला गाठायला हवं. हे पेशंटला आणि घरच्यांना मराठीत, समजेल असं सांगितलेलं असतं का? शहरातून शस्त्रक्रिया करून आपल्या तालुक्याच्या गावी परतलेल्या मुलीला कोणाला फोन करायचा हे ठाऊक असतं का?

बाकीचे धोके थोडक्यात. पहिल्या दोन आठवड्यांत नाकातून रक्त येऊ शकतं, क्वचित ते थांबवायला पुन्हा रुग्णालयात न्यावं लागतं. नाकाचा शेंडा आणि वरचे पुढचे दात काही आठवडे, कधी काही महिने बधिर राहतात. वास येणं मंदावतं. बहुतेकांचं परततं, फार थोड्यांचं परतत नाही. पडद्याला भोक पडलं तर श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो, खपल्या धरतात, घोळणा फुटत राहतो. फासळीची कूर्चा वापरली तर ती पुढे वाकू शकते, आणि ती काढताना फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याचा लहानसा धोका असतो. सिलिकॉनचा तुकडा बसवला तर तो काही वर्षांनीही जंतुसंसर्गानं किंवा त्वचा पातळ होऊन बाहेर डोकावू शकतो. धूम्रपान करणाऱ्यांची त्वचा मरण्याचा धोका वाढतो. मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळणं किंवा डोळ्याला इजा होणं हे अतिशय दुर्मीळ, पण वैद्यकीय नोंदींत असलेले प्रकार आहेत. आणि पूर्ण भूल दिली, म्हणजे भुलेचे धोके आलेच.

पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचं प्रमाण वैद्यकीय लेखनात साधारणपणे 5 ते 15 टक्के दिलेलं असतं. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड, कारण आत वण धरलेला असतो आणि पडद्यातली वापरण्याजोगी कूर्चा संपलेली असते. त्यासाठी साधारण वर्षभर थांबावं लागतं, कारण सूज पूर्ण उतरायला तेवढा काळ जातो. आपल्याकडे अनेकांची नाकाची त्वचा जाड असते, तिथे शेंड्याची सूज आणखी रेंगाळते. आता या माहितीशेजारी समाजमाध्यमांवरची 'आधी आणि नंतर'ची रील ठेवून पाहावीत. सातव्या दिवशी पट्टी निघते, मुलगी आरशात पाहून हसते, आई डोळे पुसते, रील तिथे संपतं. त्या नाकाचा खरा आकार, आणि खरा श्वास, कळायला अजून अकरा-बारा महिने असतात. ते कोणी दाखवत नाही.

ज्यांच्याकडे पैसा, ओळखी आणि उत्तम डॉक्टर असतात, त्यांनाही हे धोके चुकवता येत नाहीत. प्रियांका चोप्रानं 2021 च्या 'अनफिनिश्ड' या आत्मकथनात स्वतःची हकीकत सांगितली आहे. तिची शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी नव्हती. श्वासाच्या त्रासामुळे नाकातली वाढलेली गाठ काढायची होती. त्यात चुकून नाकाचा दांडा तासला गेला आणि नाक खचलं. आरशात अनोळखी चेहरा दिसू लागला, हातातले चित्रपट गेले, दुरुस्तीसाठी पुन्हा शस्त्रक्रिया कराव्या लागल्या. तो काळ खोल नैराश्याचा होता, असं तिनं पुढे मुलाखतीतही सांगितलं. 'डर्टी डान्सिंग' या 1987 च्या चित्रपटानं जगभर पोहोचलेल्या जेनिफर ग्रेनं नाकावर दोन शस्त्रक्रिया करून घेतल्या. दुसरी ही पहिलीतला दोष काढण्यासाठी होती. त्यानंतर ओळखीची माणसंही तिला ओळखेनाशी झाली. शेवटी तांत्रिक बिघाड काही उरला नव्हता, नाक नीटच झालं होतं. ज्या चेहऱ्यावर तिचं काम उभं होतं, तो चेहरा गेला. अमेरिकी मॉडेल बेला हदीदनं चौदाव्या वर्षी नाक बदललं आणि 2022 मध्ये 'व्होग'ला सांगितलं की पूर्वजांकडून आलेलं नाक ठेवलं असतं तर बरं झालं असतं. संमतिपत्रात या नुकसानीसाठी रकाना नसतो. बोलण्यात तरी तिला जागा हवी.

आणि ज्या नाकासाठी हे सगळं, ते नाक मुलीनं पाहिलेलं असतं फोनमध्ये. 2018 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी हिशेब करून दाखवलं की चेहऱ्यापासून 12 इंचांवर धरलेल्या कॅमेऱ्यात नाक पाच फुटांवरून दिसतं त्यापेक्षा पुरुषांचं 30 टक्के आणि स्त्रियांचं 29 टक्के अधिक रुंद दिसतं. म्हणजे सेल्फी दाखवून 'हे एवढं बारीक करा' म्हणणारी मुलगी अस्तित्वात नसलेलं नाक दुरुस्त करायला आलेली असू शकते. ही एक गोष्ट पहिल्याच भेटीत समजावली, पाच फुटांवरून फोटो काढून दाखवला, तरी काही शस्त्रक्रिया तिथेच टळतील.

काहींचं दुखणं याहून खोल असतं. बेल्जियमच्या लूव्हनमध्ये 226 जणांची पाहणी 2011 मध्ये प्रसिद्ध झाली. नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या या माणसांपैकी 33 टक्क्यांमध्ये देहरूपाच्या भ्रमाची मध्यम ते तीव्र लक्षणं दिसली. आपल्या रूपात मोठा दोष आहे, या विचारानं अशी माणसं तासन्‌तास ग्रासलेली असतात. त्यांना शस्त्रक्रिया क्वचितच लागू पडते. नाक बदलतं, यातना तशीच राहते, कधी वाढते. त्यांना गरज असते ती मानसोपचारतज्ज्ञाची. परिषदेनं सांगावं, महाराष्ट्रात नाकाची सौंदर्यशस्त्रक्रिया करणाऱ्या किती केंद्रांत ही लक्षणं ओळखणारी साधी प्रश्नावली आधी भरून घेतली जाते?

शस्त्रक्रियेला घाबरणाऱ्यांना हल्ली सुईचा पर्याय सुचवला जातो. वीस मिनिटांत फिलर, म्हणजे त्वचेखाली टोचायचं जेलसारखं द्रव्य, भरून नाक सरळ, ना टाके, ना भूल. हा भाग परिषदेनं फार गांभीर्यानं घ्यावा अशी विनंती आहे, कारण नाक ही फिलरसाठी सर्वांत धोक्याच्या जागांपैकी एक आहे. नाकावरच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांना जोडलेल्या असतात. फिलर चुकून वाहिनीत शिरलं आणि दाबानं उलट दिशेला ढकललं गेलं, तर ते डोळ्याच्या पडद्याचा रक्तपुरवठा तोडू शकतं. तो पुरवठा सुमारे दीड तासात परत आला नाही तर दृष्टी जाते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात फिलरमुळे दृष्टीत बिघाड झाल्याच्या 98 घटना जगभरातून नोंदवल्या होत्या. त्याच संशोधकांनी सप्टेंबर 2018 पर्यंतचा पुढचा आढावा घेतला, तेव्हा आणखी 48 सापडल्या आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक घटनांत सुई नाकात टोचलेली होती. संख्या लहान आहे. पण विसाव्या वर्षी एक डोळा जाणं ही लहान गोष्ट नाही. हायलुरोनिक आम्लाचं फिलर विरघळवणारं औषध आहे, ते हाताशी हवं आणि ते कधी, किती द्यायचं हे टोचणाऱ्याला माहीत हवं. ब्युटी पार्लरच्या खुर्चीत बसवून फिलर भरणाऱ्याकडे यातलं काय असतं? नोंदणी नसताना वैद्यक व्यवसाय करणाऱ्यांवर कारवाईची तरतूद महाराष्ट्रात 1961 च्या कायद्यापासून आहे.

आता कायद्याची बाजू. समिरा कोहली खटल्याच्या 2008 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं संमती कशी असावी हे ठरवून दिलं. उपचाराचं स्वरूप, हेतू, फायदा, पर्याय, महत्त्वाचे धोके हे सगळं पेशंटला पुरेसं सांगून मिळालेलीच संमती खरी. त्याच निकालात डॉक्टरांना एक मुभाही आहे. दूरचे, केवळ संभवनीय धोके सांगायची गरज नाही, कारण त्यांनी घाबरून किंवा गोंधळून पेशंट आवश्यक उपचारच नाकारू शकतो. अपेंडिक्स फुटायला आलेल्या माणसाच्या बाबतीत हे अगदी योग्य आहे. पण निरोगी नाकावरची सौंदर्यशस्त्रक्रिया हा आवश्यक उपचार नाही. धोके ऐकून मुलीनं नकार दिला, तर तिचं आरोग्य तसूभरही बिघडत नाही. ज्या कारणासाठी ती मुभा दिली गेली, ते कारणच इथे नाही. म्हणून सौंदर्यशस्त्रक्रियेत दूरचे धोकेही सांगितलेच पाहिजेत, अंधत्वापासून पुन्हा शस्त्रक्रिया लागण्यापर्यंत. परिषदेनं हा अर्थ स्पष्ट शब्दांत डॉक्टरांपर्यंत पोहोचवावा, ही या पत्राची मुख्य मागणी.

ब्रिटनमध्ये जून 2016 पासून तिथल्या वैद्यक परिषदेनं सौंदर्योपचारांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं लागू केली. संमतीची चर्चा उपचार करणाऱ्या डॉक्टरनं स्वतः करायची, ते काम मदतनिसावर सोपवायचं नाही. घाईनं निर्णय घ्यायला लावणाऱ्या सवलती नाहीत, बक्षीस म्हणून शस्त्रक्रिया नाही. तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सनं पहिली चर्चा आणि अंतिम संमती यांत किमान दोन आठवड्यांचं अंतर सुचवलं. ऑक्टोबर 2021 पासून इंग्लंडमध्ये अठरा वर्षांखालच्यांना सौंदर्यासाठी फिलर देणं हा गुन्हा आहे. आपल्याकडे काय चालतं? पहिला फोन उचलते ती पगारी समुपदेशक. 'या महिन्यात बुक केलं तर सूट' ती सांगते, आगाऊ रक्कम तीच घेते. सर्जन भेटतो तेव्हा पैसे भरलेले असतात, तारीख ठरलेली असते, घरी सांगून झालेलं असतं. त्या टप्प्यावर नाही म्हणायला फार धैर्य लागतं.

जाहिरातींबाबत नियम आहेत. 2002 चे व्यावसायिक वर्तणुकीचे विनियम आजही लागू आहेत. पेशंट मिळवण्यासाठी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात करणं आणि पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन देणं-घेणं त्यांत निषिद्ध आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोगानं ऑगस्ट 2023 मध्ये नवे विनियम आणले. बऱ्या झालेल्या पेशंटचे फोटो किंवा शस्त्रक्रियेचे व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकू नयेत, असं त्यांत स्पष्ट लिहिलं होतं. ते तीनच आठवड्यांत स्थगित झाले. पण 2002 च्या नियमांच्या आधारे कारवाई करायला परिषदेला कोणी अडवलेलं नाही. रोज शेकडो मराठी मुली जी रील पाहतात, ती परिषदेच्या कार्यालयातूनही दिसतात.

शस्त्रक्रिया कोण करतं आणि कुठे करतं, हाही प्रश्न आहेच. सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय आयोगाला लेखी सांगावं लागलं की कार्यशाळा किंवा यूट्यूब पाहून सौंदर्योपचार सुरू करता येत नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात बंगळुरूत चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर चेतना राज ही 21 वर्षांची कन्नड मालिका अभिनेत्री दगावली. कानपूरमध्ये केसरोपणानंतर झालेल्या मृत्यूप्रकरणी 2025 मध्ये एका दंतवैद्यावर गुन्हा दाखल झाला. नाकावर काम करणारा माणूस प्लॅस्टिक सर्जन आहे की कान-नाक-घसा तज्ज्ञ, त्यानं या शस्त्रक्रियेचं वेगळं शिक्षण कुठे घेतलं, भूलतज्ज्ञ पूर्ण वेळ हजर असतो का, रक्तस्राव थांबला नाही तर पुढचं रुग्णालय कोणतं, हे विचारणं पेशंटचा हक्क आहे. परिषदेनं क्यूआर कोडवरून डॉक्टरची नोंदणी तपासण्याची सोय सुरू केली, हे चांगलं पाऊल आहे. त्यात पदव्युत्तर शिक्षण ठळक दिसावं. नुसतं 'कॉस्मेटिक सर्जन' एवढंच लिहून भागता कामा नये.

तेव्हा परिषदेनं सौंदर्यशस्त्रक्रियांसाठी एक स्वतंत्र परिपत्रक काढावं. संमतिपत्र मराठीत असावं आणि त्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जननं स्वतः चर्चा केल्याची, तारखेसह, सही असावी. चर्चा आणि शस्त्रक्रिया यांत किमान दोन आठवडे जावेत आणि तोवर आगाऊ रक्कम घेतली जाऊ नये. डॉक्टरनं आपल्या हातून झालेल्या किती नाकांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली हे विचारल्यास सांगावं, आणि गंभीर गुंतागुंतीची नोंद परिषदेकडे व्हावी. अशी नोंद झाल्याशिवाय महाराष्ट्रात हे किती वेळा घडतं याचा आकडाच कधी हाती येणार नाही. पट्टी निघालेल्या दिवशीचे फोटो जाहिरातीत वापरणाऱ्यांना नोटिसा जाव्यात. घरी जाताना पेशंटच्या हाती रात्री उचलला जाणारा फोन नंबर आणि धोक्याची लक्षणं मराठीत लिहिलेला कागद असावा. पेशंटनं लेखी मागितल्यास कागदपत्रं 72 तासांत द्यावी लागतात, हा 2002 पासूनचा नियम त्याच कागदावर छापावा, कारण बिघडलेलं नाक घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जाणाऱ्याला पहिल्या शस्त्रक्रियेची टिपणं लागतात आणि तीच बहुतेक वेळा त्याच्याकडे नसतात.

प्रामाणिक सर्जनना यातलं काहीच जड जाणार नाही. त्यांतले कितीतरी जण आजही समोरच्याला 'तुमचं नाक चांगलं आहे, घरी जा' असं सांगतात आणि एक पेशंट गमावतात. ज्याला हे सांगायचं नाही, त्याच्याशी त्यांची स्पर्धा असते. परिपत्रक निघालं तर त्यांचंही बळ वाढेल.

तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, आणि त्याआधीच्या महिन्यांत नाकाच्या शस्त्रक्रियेची चौकशी करायला अनेक मुली आणि मुलगेही जातात. हे परिपत्रक त्याआधी निघावं आणि प्रत्येक नोंदणीकृत डॉक्टरपर्यंत पोहोचावं, अशी परिषदेला कळकळीची विनंती.

कळावे.